बारा मिलिमीटरचं भोक

चौल
१४ सप्टेंबर २०२५

दीक्षा,

जय भीम. वर आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. म्हटलं, वाचून तुझं डोकं फिरायचं. नांदेडचा पत्ता प्रणालीकडून मिळवला. तुझी मैत्रीण आहे, तिच्यावर चिडू नकोस. बिचारीला सातवा महिना लागलाय आणि मी चार दिवस तिच्या अंगणवाडीच्या दारात ठाण मांडून बसलो होतो. आईकडे मागितला असता तर कशाला हवाय म्हणाली असती. तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, तेव्हा कागदाशिवाय वाट नाही. आणि फोनवर आपलं काय होतं ते ठाऊकच आहे. मी ओरडतो, तू गप्प बसतेस.

बातमी अशी, की आपली बॅटरीवरची दुसरी गाडी रस्त्यावर आली. लोक तिला डबी म्हणतात. आधी राग यायचा, आता मीही डबीच म्हणतो. आराखडा तुझाच ठेवलाय. चार माणसं, वर छप्पर, रिक्षाची चाकं, एक चावी आणि पुढे-मागे करायचा खटका. दहाच्या आणि तेराच्या पान्याने अख्खी गाडी उघडते. नाक्यावरच्या कुठल्याही मेकॅनिकला दुरुस्त करता आली पाहिजे आणि मास्तर, नर्स, रिक्षावाला यांच्या ऐपतीत बसली पाहिजे, हे तुझं म्हणणं मी सोडलेलं नाही. एसटीत बत्तीस वर्षं मोठमोठी इंजिनं खोलली, पण एवढी साधी गोष्ट मला कधी सुचली नव्हती. हे तोंडावर बोललो नाही कधी, म्हणून लिहितो.

आरटीओचे कागद अजून फिरतायत, म्हणून मोठ्या रस्त्याला काढत नाही, वाड्यांमधल्या आतल्या रस्त्यानेच जाते. आणि चालवतं कोण, सांग. तुझी आई. बावन्नाव्या वर्षी शिकली. तिच्या शाळेकडे जाणारी एसटी बंद झाल्यापासून दोन रिक्षा बदलून, वर दोन किलोमीटर चालत जायची, गुडघा धरून. आता अकरा किलोमीटर डबीतून जाते. वाटेत प्रणालीला अंगणवाडीशी सोडते. मी शेजारी बसलेला तिला चालत नाही. म्हणते, तुम्ही सूचना फार देता.

एक सहज विचारतो. पेणकडच्या एका ओळखीच्या माणसाने अशीच गाडी केलीय. त्याच्या बॅटरीच्या पेटीचं झाकण मधोमध जरा वर आल्यासारखं दिसतं म्हणे. जरासंच. पावसाळ्यात फायबर फुगतं का? त्याला कळवायचं आहे.

हाताचे डाग गेले का?

भिकू धर्मा तांबे

(पूर्ण नाव लिहिलं म्हणून हसू नकोस. आजोबा तुझे जन्मभर अंगठा उठवत राहिले, म्हणून मला सही करायला मिळाली की मी ती पूर्ण करतो. तू लहानपणापासून त्यावरून चिडवतेस.)


चौल
२४ सप्टेंबर

दीक्षा,

उत्तर लिहिलं नाहीस, पण प्रणालीकडे निरोप धाडलास तो पोचला. काल डबीतून उतरताना ती म्हणाली, "काका, दीक्षाने दोनच गोष्टी विचारल्यात. त्या पेणच्या माणसाच्या पेटीचं भोक उघडं हाय का, आणि आपल्या डबीचं उघडं हाय ना?"

मी तिला सांगितलं, उघडं आहे. दोन्हीकडे.

तुझं ते भोक मला पाठ आहे. झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात, बारा मिलिमीटर, वर ती पाणी अडवणारी आणि हवा सोडणारी जाळी. पेटीला श्वास घेता आला पाहिजे म्हणायचीस. मी म्हणायचो, पेटी काय म्हैस आहे? ते सगळं आठवतं.

बाकी ठीक. ऊन कडक पडायला लागलंय. पेणच्या माणसाचा काल फोन होता. झाकणावर आडवी पट्टी ठेवून तो रोज मोजतो म्हणे. आधी पट्टीखाली कडेला लोखंड कापायच्या हॅक्सॉचं एक पातं सरकत होतं, आता दोन सरकतात. मी त्याला म्हटलं, वापरू नकोस गाडी. तो म्हणाला, बायकोला काय सांगू? तिला डबा घेऊन शाळेत जायचं असतं.

म्हणजे कामावर जायचं असतं. ती मास्तरीण नाही. चुकून लिहिलं.

तुझी आई बरी आहे. सोमवारी मागच्या चाकाची हवा गेली होती, मी म्हटलं, आज रिक्षाने जा. तर तिने मोरीमागचा पंप आणला, पदर खोचला आणि स्वतः हवा भरून निघाली. हट्टीपणा तुला कुणाकडून आला, ते वेगळं सांगायला नको.

तसा माणूस घाबरला असेल तर त्याने आधी काय करावं? पेटी न उघडता काही करता येतं का? फायबरने चहूबाजूंनी बंद केलेली आहे. ड्रिल लावायला त्याचा हात धजत नाही. आत टोक घुसलं आणि बॅटरीच्या सेलला लागलं तर, म्हणून.

लवकर कळव.

भिकू धर्मा तांबे


चौल
३ ऑक्टोबर

दीक्षा,

हे पत्र टपालात टाकीन की नाही, माहीत नाही. तू उत्तर दिलं नाहीस. दिलं असतंस तरी मी विचारलंय ते खोटं, मग उत्तर कशाचं देणार.

पेणचा कुणी नाही. पेटी आपलीच आहे. आईच्या सीटखाली.

काल विहारात धम्मचक्र दिन होता. आई पांढरी साडी नेसून डबी घेऊन गेली, प्रणाली शेजारी. मी मोटारसायकलवरून मागे. वाटभर मी त्या सीटखालच्या पत्र्याकडे बघत होतो, समोरच्या रस्त्याकडे नाही. एकदा तर कठड्याला लागता लागता वाचलो. विहारात सगळे उभे राहिले, पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं म्हटली. चौथ्याला, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं ते, माझा आवाजच निघेना. ओठ हलवले. आई शेजारीच उभी. तिने नुसतं बघितलं आणि नंतर विचारलं, "घसा बसलाय का? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा." घरी येऊन तिने पाणी करून दिलं आणि मी खरोखर गुळण्या केल्या.

भोक बंद आहे, दीक्षा. मीच बंद केलंय. आपला प्रीतम, रेवदंड्याला होड्यांना फायबर चढवतो तो, त्यानेच दोन्ही पेट्यांना काम केलं. पहिल्या वेळीच तो म्हणाला होता, "दादा, होरीला कदी कुनी भोक ठेवतं काय? खारी हवा आत शिरली का तांबं हिरवं परल." मला पटलं. इथे किनाऱ्यावर दाराच्या कड्या दोन वर्षांत झिजतात, सायकलीची साखळी महिन्यात लाल होते. इथल्या माणसाला एकच अक्कल शिकवलेली असते, जे काही आहे ते बंद कर. तू पुण्यात शिकलीस. मला वाटलं, तुला खाऱ्या हवेचं काय कळतंय.

आणि ही दुसरी पेटी बंद केली जुलैमध्ये. भर पावसात, शेडच्या भिंतींना पाणी सुटलेलं असताना. बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून बंद केली, आणि आत होती ती ओल आतच कोंडली. हे मला आत्ता कळतंय, पाती मोजताना.

आज तीन सरकली.

तू विचारशील, पहिल्या वेळी एवढं होऊनही दुसरी पेटी का बुजवली? त्याचं उत्तर आहे माझ्याकडे. पण ते आज लिहवत नाही.


चौल
१० ऑक्टोबर

दीक्षा,

लिहितो. टपालात नंतर बघू.

गेल्या वर्षी अकरा मेला दुपारी शेडमध्ये पहिली पेटी पेटली, तेव्हा तू चार्जिंगची वायर काढायला वाकली होतीस. झाकण आधी उडालं, मग ज्वाळ आली. तुझा डावा हात कोपरापर्यंत भाजला. इस्पितळात बँडेज बांधताना तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, मी तर तारांचे आठही नट आवळले होते, आठही आवळले होते. आई होती, प्रणाली होती, वाडीतले चारजण होते. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, "एखादा राहिला असेल गं."

एवढंच म्हटलं. तू बँडेजकडे बघितलंस आणि म्हणालीस, "राहिला असेल."

कुठलाही राहिला नव्हता. मी त्या सकाळी पाठीमागे उभा होतो. तू पाना टकटक वाजवून आठ मोजलेस आणि मीही मनात मोजले. आठ.

दुसऱ्या दिवशी मला झाकण सापडलं. उडून मागच्या माडाच्या आळ्यात पडलं होतं, जळलंही नव्हतं. कोपऱ्यात तुझं बारा मिलिमीटरचं भोक, आणि त्यात घट्ट बसलेलं फायबर. प्रीतमने लावलेलं ते अर्धवट वाळलेलं असताना, नीट बसावं म्हणून मी अंगठ्याने दाबलं होतं. तू त्या दिवशी अलिबागला केबल आणायला गेली होतीस. वरून जाळी बसवून टाकली, म्हणून तुला दिसलं नाही. पेटीला बाहेर पडायला दुसरी जागाच नव्हती म्हणून झाकण उडालं. आणि समोर तू होतीस.

मी झाकण गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या टाकीमागे ठेवलं. खाडीत टाकायला दोनदा नेलं, दोनदा परत आणलं. का आणलं ते माहीत नाही.

तू पुण्याची नोकरी सोडून माझ्या शेडमध्ये आली होतीस. मग शेडही सोडलीस, हा धंदाही सोडलास, आणि नांदेडला गणिताच्या शिकवण्या घेतेस. प्रणाली सांगत होती, तू मोबाइलसुद्धा शेजारच्या बाईला चार्जिंगला लावायला सांगतेस. ते ऐकून मी अंगणवाडीच्या पायरीवर खाली बसलो. ती म्हणाली, काका, चक्कर आली का.

आता दुसऱ्या पेटीचं सांगतो. प्रीतमने विचारलं, दादा, ह्या खेपेला तरी भोक ठेवायचं का? मी 'ठेव' म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, म्हणजे मागच्या वेळी त्याच्यामुळेच झालं. वाडीत बोलला असता. आईच्या कानावर गेलं असतं. दुसऱ्या पेटीला भोक ठेवणं म्हणजे पहिलीचं कबूल करणं होतं. म्हणून म्हटलं, बुजव. आणि मनात म्हटलं, ही पेटी नीट चालली तर पहिलीही भोकामुळे गेली नव्हती असं ठरेल. मी ते ठरवायला तुझ्या आईला त्या पेटीवर बसवलं, दीक्षा. रोज बावीस किलोमीटर.

मी रोज ठरवतो की आज सांगायचं. ती डबा भरते, चष्मा पुसते, चावी घेते. माझ्या तोंडातून निघतं, "सावकाश जा." बस. मग संध्याकाळी डबीचा तो घुंई आवाज वाडीच्या तोंडाशी येईपर्यंत मी अंगणात फेऱ्या मारतो. आवाज आला की वाटतं, एक दिवस तर निघाला. एवढा भेकड माणूस तुझा बाप आहे, हे तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सोमवारी नक्की सांगतो. उद्या शनिवार, तिची शाळा अर्धाच दिवस असते, तेवढा निभेल.


चौल
१३ ऑक्टोबर, सोमवार संध्याकाळ

दीक्षा,

आई सुखरूप आहे. प्रणालीही. हे आधी वाच, मग पुढचं.

सकाळी साडेनऊला मी आंघोळीहून बाहेर आलो तर डबी गेलेली. आज मुलांचे चाचणीचे पेपर द्यायचे होते म्हणून ती दहा मिनिटं लवकर निघाली. मी शेडमध्ये गेलो. जिथे गाडी उभी असते तिथे वास होता. गोडसर, नखांचा रंग पुसायचं ते पाणी असतं ना, तसा. तू शिकवलं होतंस, हा वास आला की आधी माणसं, मग गाडी. पहिल्या वेळी, त्या दिवशी दुपारीही हाच वास आला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, रंगाचा असेल.

मोटारसायकल काढली. बनियनवरच. सुपारीच्या वाड्यांतून तो रस्ता किती अरुंद आहे, माहीत आहे तुला. हॉर्न दाबून धरला. डबी दिसली, तर आईने आरशात मला बघितलं आणि हात हलवला. तिला वाटलं, मी विसरलेला डबा घेऊन आलोय. वाड्या संपतात आणि भाताची शेतं लागतात तिथे मी पुढे जाऊन गाडी आडवी घातली.

"उतर."

"अहो, काय झालं? बनियनवर कुठे निघालात?"

"उतर आधी. प्रणाली, तूही."

प्रणालीला पटकन उतरता येईना. तिची ओढणी दाराच्या कडीत अडकली होती. मलाही ती निघेना, शेवटी ओढणी फाडली. दोघींना धरून मागे आणलं, चाळीस-पन्नास पावलं. आई वाटभर विचारत होती. तिथे पोचल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "थांबा, पोरांचे पेपर सीटवर राहिले." आणि वळून चालायला लागली.

मी हाक मारली. ती म्हणाली, आलेच. मी म्हटलं, गाडी पेटेल. ती म्हणाली, तुमचं आपलं काहीतरीच, दीक्षासारखा मी काही नट ढिला ठेवलेला नाही.

आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. भर रस्त्यात ओरडलो. "तिनेही ठेवला नव्हता. आठही आवळले होते. भोक मी बुजवलं होतं, सुचिता. तेव्हाचंही आणि हेही."

ती जागच्या जागी थांबली. डबी तिच्यापासून वीसेक पावलांवर होती. तिने माझ्याकडे तोंड वळवलं, काही विचारायला, आणि मागे धप्प असा आवाज झाला. सीट छपराला जाऊन आदळली. मग पांढरा धूर, मग ज्वाळ. ती थांबली नसती तर त्या वेळी दार उघडून आत वाकलेली असती.

शेतावरची माणसं धावत आली, ओल्या मातीची ढेकळं टाकत राहिली. कडेचं थोडं भात जळालं, पेपर गेले, गाडी गेली. प्रणालीला रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं, तिचं आणि बाळाचं सगळं ठीक आहे. आई बांधावर बसून राहिली. घरी आल्यावर चार वाजता तिने चहा केला, एकच कप, स्वतःसाठी.

मग म्हणाली, "दर रविवारी तिचा फोन येतो. मी काय म्हणते तिला, ठाऊक आहे? म्हणते, नीट लक्ष दिलं असतंस तर हात असा झाला नसता. सतरा महिने ऐकवतेय मी तिला. आणि तुम्ही अंगणात जाऊन उभे राहता."

मी उभाच होतो.

"ती ऐकून घेते हो," आई म्हणाली, आणि रडली. तुझा हात भाजला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.


चौल
१५ ऑक्टोबर

दीक्षा,

हे सगळे कागद आई घेऊन येतेय. शाळेत रजा टाकली आणि स्वतःच तिकीट काढलं. मी येऊ का विचारलं, तर नाही म्हणाली. परत कधी येणार तेही सांगितलं नाही. मी विचारायच्या लायकीचा नाही, म्हणून विचारलं नाही.

काल वाडीत बैठक होती, डबी जळाली त्याची. मी उठून सगळ्यांना सांगितलं. प्रीतमही आला होता, त्याच्यादेखत. लोक पुष्कळ बोलले. ऐकून घेतलं. एकजण म्हणाला, मग आता हे गाड्यांचं बंद ना? मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. आराखडा माझा नाही. जिचा आहे तिला विचारा. आणि आराखड्यात काही चूक नव्हती.

शेडला कुलूप घातलंय. चावी आईच्या पिशवीत, चष्म्याच्या घरात आहे. तू ये म्हणत नाही. पण त्या शेडमध्ये आता तुला विचारल्याशिवाय कुणी काही उघडणार नाही आणि काही बंदही करणार नाही. तू आयुष्यभर गणितच शिकवलंस तरी चावी तुझ्याकडेच राहू दे.

आईकडे गोणपाटातलं एक गाठोडं आहे. एसटीत तिने ते मांडीवरून खाली ठेवलं नसणार. ते तुझ्या पहिल्या पेटीचं झाकण. उलटं कर आणि मागच्या कोपऱ्यातलं भोक उजेडात धर. आत फायबरवर अंगठा उठलाय, एकेक रेघ दिसते. तो कुणाचा, हे कुणी विचारलं तर दाखव.

या पत्राखाली सही करत नाही. ती तिथे आहे.